नरक्याची साल आणि फुप्फुसाचा कर्करोग

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, महाबळेश्वरपासून कोयना, राधानगरी, आंबोलीपर्यंतच्या ओल्या रानात नरक्या नावाचे एक मध्यम उंचीचे झाड आढळते. फुले पिवळसर पांढरी, फळे पिकली की जांभळी-काळी, आणि फुलोऱ्याचा वास असा की त्याखाली कुणी विसाव्याला थांबू नये. इमारती लाकूड म्हणून त्याला मोल नाही, फळांसाठी कुणी ते राखत नाही. मुंबईच्या टपाल खात्यातले अधिकारी आणि हौशी वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन ग्रॅहम यांनी मुंबई व आसपासच्या वनस्पतींची सूची केली, तीत १८३९ साली त्याची नोंद झाली, तीही चुकीच्या प्रजातीत. ग्रॅहम त्याच वर्षी खंडाळ्याला वारले, सूचीचे उरलेले काम निम्मो नावाच्या गृहस्थांनी पुरे केले आणि झाडाच्या शास्त्रीय नावात निम्मोंचे नाव तेवढे राहून गेले. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे या झाडाकडे बाजाराने ढुंकूनही पाहिले नाही. १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी एक लहानसा शोधलेख छापला. नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य आहे, असे त्यात म्हटले होते. त्या द्रव्यापासून पुढे जी औषधे निघाली, त्यांतली काही फुप्फुसाच्या कर्करोगावर वापरली जातात. नरक्या भाव खाऊ लागला तो तेव्हापासून, आणि रानातून दिसेनासा होऊ लागला तोही तेव्हापासूनच.

फुप्फुसाच्या कर्करोगावरील रसायनोपचारांचा इतिहास पाहिला तर त्यात वनस्पतींपासून आलेली चार घराणी ठळकपणे दिसतात. चीनमधले शी-शू झाड आणि आपला नरक्या यांच्यातून कॅम्प्टोथेसिनचे घराणे आले. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल आले. सदाफुलीतून व्हिन्का अल्कलॉइडे आली आणि त्यांच्यापैकी व्हिनोरेल्बिन फुप्फुसासाठी वापरात रुळले. पोडोफायलम या डोंगरी वनस्पतीतून इटोपोसाइड आले. एवढी यादी वाचली की मन लगेच एका निष्कर्षावर उडी मारते: निसर्गात प्रत्येक रोगावर उपाय आहे, तो फक्त शोधायचा बाकी आहे. हा निष्कर्ष याच इतिहासाने खोटा पाडला आहे, असे माझे म्हणणे आहे. या सगळ्या वनस्पतींत माणसाला जे सापडले ते पेशी मारणारे विष होते. त्याचे औषध व्हायला वीस-तीस वर्षे लागली, आणि त्या वर्षांत जे घडले ते प्रयोगशाळेत, आकडेवारीत आणि रुग्णालयाच्या खाटांवर घडले. झाडाला श्रेय द्यायचे ते द्यावे. पण औषध झाडात तयार होते असे मानले की दोन चुका होतात. रुग्ण भलत्याच काढ्यामागे लागतो, आणि रान म्हणजे फुकटचे कोठार आहे असे व्यापारी समजू लागतो.

मुळात या रोगाचा इतिहास फार जुना नाही. आयझॅक ॲडलर या अमेरिकन वैद्याने १९१२ साली फुप्फुसाच्या प्राथमिक कर्करोगावर पुस्तक लिहिले, तेव्हा इतक्या दुर्मिळ रोगावर स्वतंत्र ग्रंथ कशाला, असा प्रश्न वाचकाला पडेल याची त्याला जाणीव होती. जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयातून त्याला जेमतेम ३७४ रुग्णांच्या नोंदी मिळाल्या. पुढच्या चाळीस वर्षांत यंत्रावर वळलेल्या स्वस्त सिगारेटींनी चित्र पालटले, आणि १९५० साली रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांच्या सवयी तपासून धूम्रपानाशी असलेला संबंध आकड्यांनी मांडला. म्हणजे हा रोग घरोघरी पोहोचवला तोही एका वनस्पतीनेच. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांच्या मागून आली. विजापूरहून असद बेगने ती अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा हकिमांमध्ये तिच्या गुणदोषांवर वाद झाल्याचे त्यानेच लिहून ठेवले आहे. सुश्रुताने अर्बुदाचे वर्णन केले आहे, चरकाने कास, श्वास आणि राजयक्ष्मा यांचा विस्ताराने विचार केला आहे. पण छातीच्या आत, श्वासनलिकेच्या फांदीवर उगवणारी गाठ क्ष-किरण आणि सूक्ष्मदर्शकाशिवाय क्षयापासून वेगळी ओळखायची कशी? जो रोग क्वचित होता आणि ओळखूच येत नव्हता, त्यावरचा उपाय अनुभवाने ठरण्याची सोय कुठल्याच परंपरेला नव्हती. हे परंपरेला कमी लेखणे नव्हे, तिच्याकडे कोणते साधन होते आणि कोणते नव्हते एवढेच सांगणे आहे.

कॅम्प्टोथेसिनची कथा या दृष्टीने सगळ्यांत बोलकी आहे, आणि तिच्या मध्यभागी एक खानदेशी माणूस उभा आहे. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेले, तिथे डॉक्टरेट केली आणि १९६२ साली नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. वॉल यांनी त्याआधी अमेरिकन कृषी खात्यात असताना हजारो वनस्पतींचे अर्क तपासले होते, पण कर्करोगासाठी नव्हे. त्या काळी कॉर्टिसोन हे नवे आणि महागडे औषध होते, आणि ते बनवायला लागणारा स्टेरॉइडचा कच्चा माल कुठल्या झाडात मिळतो का, हे ते शोधत होते. त्यांच्या साठ्यातले काही अर्क अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील जोनाथन हार्टवेल यांनी मागून घेतले. त्यांत कॅलिफोर्नियातील सरकारी बागेत लावलेल्या शी-शूचा अर्क होता, आणि रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांचे आयुष्य त्याने वाढवलेले दिसले. अर्क गाळत, वाटे पाडत, प्रत्येक वाटा उंदरांवर तपासत वॉल आणि वाणी शेवटी एका शुद्ध द्रव्यापर्यंत पोहोचले. १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. पाच कड्यांचा हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळतच नव्हता, आणि पुढच्या सगळ्या अडचणी तिथून सुरू झाल्या.

शिरेतून द्यायचे औषध पाण्यात विरघळायला हवे. म्हणून त्याचा सोडियमचा क्षार बनवला गेला आणि सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला तो रुग्णांना देऊन पाहिला. परिणाम वाईट झाला. रुग्णांचे मूत्राशय सुजून लघवीतून रक्त जाऊ लागले, अस्थिमज्जा खंगली, आणि गाठी मात्र अपेक्षेइतक्या कमी झाल्या नाहीत. चाचण्या थांबल्या. कारण नंतर उमगले. विरघळवण्यासाठी क्षार करताना रेणूचे एक कडे उघडत होते, आणि त्याचा गुण टिकायला नेमके ते कडे बंद राहणे आवश्यक होते. रक्तात तो बराचसा निष्क्रिय राही, मूत्राशयातल्या आम्लधर्मी लघवीत कडे पुन्हा मिटे आणि विष तिथेच जागे होई. झाडाने जे दिले ते असे होते: योग्य जागी पोहोचायला नाखूष आणि चुकीच्या जागी प्रखर. गोविंदाचारींचा नरक्यावरचा लेख नेमका याच काळातला. मुंबईत एक नवा आणि भरघोस स्रोत सापडला, तेव्हा तिकडे त्या द्रव्याचा उपचार म्हणून जवळजवळ निकाल लागलेला होता.

त्याला पुन्हा जीव आला तो १९८५ साली, आणि तेव्हाही नवे झाड सापडले म्हणून नव्हे, तर लिरॉय लिऊ आणि सहकाऱ्यांनी हे विष पेशीत नेमके काय करते ते दाखवले म्हणून. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची प्रत निघते. प्रत निघताना त्या दुहेरी धाग्याला, ओढल्या जाणाऱ्या सुंभाला पडावा तसा, पुढे पीळ पडत जातो. टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर एक धागा कापते, पीळ सोडवते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन कापलेल्या जागी अडकून बसते आणि जोडणी होऊ देत नाही. प्रत काढणारी यंत्रणा तिथे येऊन आदळली की डीएनए तुटतो आणि पेशी मरते. भराभर दुभंगणाऱ्या पेशींवर याचा घाव जास्त बसतो. अशा रेणूचे वावडे खुद्द झाडालाही असायला हवे, आणि ते आहेच. कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींच्या स्वतःच्या टोपोआयसोमरेजमध्ये काही अमिनो आम्ले बदललेली असतात, म्हणून त्यांना आपले विष बाधत नाही, हे जपानी संशोधकांनी पुढे दाखवून दिले. झाड हे द्रव्य स्वतःच्या बचावासाठी करते. माणसाच्या फुप्फुसाशी त्याला काही देणेघेणे नाही.

लक्ष्य कळल्यावर रसायनज्ञांना काय राखायचे आणि काय बदलायचे हे समजले. विरघळणारे पण कडे शाबूत राहणारे दोन रेणू यशस्वी झाले. इरिनोटेकन जपानमध्ये याकुल्ट कंपनीने घडवले. आंबवलेल्या दुधाच्या छोट्या बाटल्यांसाठी आपल्याला माहीत असलेली हीच ती कंपनी. १९९४ साली जपानने त्याला मान्यता दिली, ती फुप्फुसाच्या कर्करोगासह. टोपोटेकनला अमेरिकेत १९९६ साली अंडाशयाच्या आणि १९९८ साली फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगासाठी मान्यता मिळाली. वॉल यांच्या हाती पहिला अर्क लागला त्याला तोवर चाळीस वर्षे होत आली होती. वाणी आणि वॉल यांचे दुसरे काम म्हणजे टॅक्सॉल, त्याची वाटचालही फार वेगळी नाही. १९६२ साली कृषी खात्याचे आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून यूची साल गोळा केली, १९७१ साली रचना छापली गेली, १९७९ साली सुसान हॉरविट्झ यांनी ते पेशीतल्या सूक्ष्मनलिकांना कसे जखडते हे सांगितले, आणि फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अमेरिकेतली मान्यता १९९८ साली आली. एकाच प्रयोगशाळेतून या रोगावरच्या औषधांची दोन घराणी निघाली आणि दोन्हींच्या रचनांवर नंदुरबारच्या माणसाचे नाव आहे, हे मराठी शाळांतल्या विज्ञानाच्या पुस्तकांत शोधूनही सापडणे कठीण.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: शी-शू चिनी औषधांत होते, सदाफुली जमैकात मधुमेहावर वापरत, पोडोफायलम अमेरिकेतले मूळ रहिवासी रेचक म्हणून घेत, मग लोकज्ञानाने वाट दाखवली नाही असे कसे म्हणता? वाट दाखवली हे खरे, पण कुठली वाट, ते पाहू. जमैकाहून सदाफुलीची पाने कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोहोचली ती मधुमेहाचे औषध म्हणून. त्यांनी आणि चार्ल्स बीअर यांनी अर्क उंदरांना दिला तर साखर उतरली नाही, उंदीर मात्र संसर्गाने मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या होत्या. परंपरेने सांगितलेला गुण निघाला नाही, न सांगितलेला दोष निघाला, आणि त्या दोषाचे व्हिनब्लास्टिन झाले. फुप्फुसासाठीचे व्हिनोरेल्बिन तर त्याहून पुढचे आहे. फ्रान्समध्ये प्येर पोतिये यांच्या गटाने रेणूची घडणच बदलून ते तयार केले, आणि अमेरिकेत १९९४ साली त्याला मान्यता मिळाली.

पोडोफायलमची गोष्ट तर माझ्या मते या सगळ्या वादाचा निकाल लावते. या वनस्पतीचे मूळ द्रव्य पोडोफायलोटॉक्सिन पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवर घाव घालते, पण रुग्णाला देण्याजोगे नाही, कारण ते फार विषारी आहे. बाझेलच्या सँडोझ कंपनीत श्टेहेलिन आणि फॉन वार्टबुर्ग यांनी त्याला साखरेचे रेणू जोडून, घडण फिरवून अनेक रूपे केली, आणि १९६६ साली त्यांच्या हाती इटोपोसाइड आले. ते काम करत होते, पण सूक्ष्मनलिकांवर नाही. पुढे ऐंशीच्या दशकात कळले की ते टोपोआयसोमरेज-२ या वेगळ्याच विकराला अडवते. म्हणजे वनस्पतीत जे होते त्याचा गुण एक, आणि त्यातून घडवलेल्या औषधाचा गुण दुसरा. लघुपेशी कर्करोगाच्या उपचारात गेली चाळीस वर्षे जे औषध पहिल्या रांगेत उभे आहे, त्याची क्रिया त्या वनस्पतीच्या मूळ द्रव्यात कधी नव्हतीच. लोकज्ञानाने मुख्यतः सांगितले होते ते इतकेच की ही वनस्पती जहाल आहे, जपून हाताळा. ती सूचना मोलाची होती. चीनमधल्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातल्या ओळीवरून मलेरियावरचे आर्टेमिसिनिन काढले, तिथे तर परंपरेचा वाटा याहून मोठा आहे. पण थंडी वाजून ठरावीक दिवसांनी येणारा ताप ही हजार वर्षे डोळ्यांना दिसणारी गोष्ट होती. फुप्फुसातली गाठ तशी दिसत नव्हती.

दुसरा आक्षेप आज अधिक ऐकू येतो: ही विषे जाऊ द्या, हळद, फळे, भाज्या यांतली सौम्य द्रव्ये का नाहीत? औषध कंपन्यांना त्यांवर पेटंट मिळत नाही म्हणून त्या तिकडे वळत नाहीत, असेही त्याला जोडून सांगितले जाते. याचे उत्तर तर्काने देण्याची गरज नाही, कारण असा एक सौम्य रेणू फार मोठ्या प्रमाणावर तपासून झाला आहे. गाजर आणि पालेभाज्यांतले बीटा-कॅरोटीन रक्तात ज्यांच्या जास्त, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे अनेक पाहण्यांतून दिसत होते. तेव्हा फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर सार्वजनिक पैशाने चाचणी घेण्यात आली. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. १९९४ साली हा निकाल आला तेव्हा अनेकांना तो योगायोग वाटला. अमेरिकेत १८,३१४ जणांवर तशीच चाचणी चालू होती. तीत बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिले जात होते. तिथे २८ टक्के वाढ दिसू लागली, म्हणून १९९६च्या जानेवारीत ती मुदतीआधी २१ महिने बंद केली. गाजर खाणे वाईट असा याचा अर्थ नाही. गाजर खाणारी माणसे आणखीही बऱ्याच गोष्टी वेगळ्या करतात, आणि गाजरातून काढलेला एकच रेणू मोठ्या मात्रेत, सिगारेटने भाजलेल्या फुप्फुसात गेला की तो तिथे वेगळे वागतो, असा तो अर्थ आहे. या चाचण्या झाल्या नसत्या तर ती गोळी आज धूम्रपान करणाऱ्यांना संरक्षण म्हणून विकली जात असती.

हळदीतल्या कर्क्युमिनची अडचण निराळी आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या फुप्फुसाच्या कर्कपेशी ते मारते, याबद्दल शंका नाही आणि शोधनिबंधांचा तर ढीग आहे. पण पोटात घेतलेल्या कर्क्युमिनपैकी रक्तात पोहोचते ते नगण्य, आणि पोहोचते तेही लवकर मोडते. शिवाय अनेक चाचणी-पद्धतींत ते रंगामुळे किंवा प्रथिनांना सरसकट चिकटण्यामुळे खोटा होकार देते. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याचा सविस्तर आढावा घेतला, तेव्हा शंभरावर मानवी चाचण्या होऊनही दुहेरी-अंध पद्धतीची, नकली गोळीशी तुलना करणारी एकही निर्विवाद यशस्वी चाचणी त्यांना दाखवता आली नाही. बशीत तर मिठाचे पाणीही, पुरेसे खारट केले, तर कर्कपेशी मारते. ‘संभाव्य उपचार’ हे शब्द बातमीत येतात तेव्हा बहुधा बशीतल्या पायरीबद्दल असतात. कॅम्प्टोथेसिन ती पायरी ओलांडून उंदरांत यशस्वी झाले, माणसांत अपयशी ठरले आणि नंतर रूप बदलून परत आले. बहुतेक रेणू कधीच परत येत नाहीत. १९६० ते १९८२ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने लाखाहून अधिक वनस्पती-अर्क तपासले. त्यांतून औषधांच्या कपाटापर्यंत पोहोचलेली घराणी एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. पेटंटचा मुद्दा म्हणाल, तर टॅक्सॉलवरही रेणू म्हणून पेटंट नव्हते. तरी एका कंपनीने त्यावर २००० साली दीड अब्ज डॉलरहून जास्त विक्री केली. उपयोग सिद्ध झाला की व्यापारी मार्ग काढतातच.

जी औषधे टिकली त्यांचेही माप नीट घ्यायला हवे, नाहीतर माझाच युक्तिवाद दुसऱ्या टोकाला जाईल. २००२ साली जपानमधून एका चाचणीचा निकाल आला. पसरलेल्या लघुपेशी कर्करोगाच्या १५४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिस्प्लॅटिन या औषधाबरोबर इरिनोटेकन, बाकीच्यांना सिस्प्लॅटिनबरोबर इटोपोसाइड दिले होते. एका बाजूला शी-शूचे घराणे, दुसऱ्या बाजूला पोडोफायलमचे. मध्यगत आयुर्मान १२.८ महिने विरुद्ध ९.४ महिने निघाले आणि कॅम्प्टोथेसिनच्या बाजूने टाळ्या वाजल्या. अमेरिकेत तीच तुलना मोठ्या चाचण्यांत पुन्हा केली तेव्हा फरक दिसला नाही. माणसांच्या जनुकीय घडणीत काही भेद आहे का, रुग्णांच्या निवडीत काही होते का, यावर चर्चा झाली. व्यवहारात अमेरिकेत इटोपोसाइड राहिले, जपानमध्ये इरिनोटेकनलाही जागा मिळाली. इथे फरक महिन्यांचा आहे, बरे होण्याचा नाही, हे ज्याच्या घरात हा रोग आला त्याला माहीत असते. तरी ते महिने मोजून सिद्ध केलेले आहेत, आणि त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या कोणत्याही काढ्याने आपले महिने असे मोजू दिलेले नाहीत.

आता लक्ष्यवेधी गोळ्या आणि प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे आल्यावर ही झाडे इतिहासजमा झाली, असेही म्हटले जाते. तसे दिसत नाही. पसरलेल्या लघुपेशी कर्करोगात २०१९ साली अमेरिकेत मान्य झालेले नवे प्रतिकार-औषध कार्बोप्लॅटिन आणि इटोपोसाइड यांच्या जोडीनेच दिले जाते. त्याहून मनोरंजक घडामोड कॅम्प्टोथेसिनच्या घराण्यात झाली. गाठीच्या पेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला त्याच घराण्यातला एक जहाल रेणू बांधायचा आणि तो पेशीच्या आत गेल्यावरच सुटेल अशी व्यवस्था करायची, अशी ही पद्धत. २०२२ साली हर-२ जनुकात बदल असलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अशा एका औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. वॉल आणि वाणींनी वेगळे काढलेले जे विष रुग्णांचे मूत्राशय जाळत होते, ते पन्नासेक वर्षांनी अखेर हव्या त्या पेशीजवळ नेऊन सोडण्याची युक्ती सापडली. ही युक्ती कुठल्या झाडाकडून मिळाली नाही.

राहता राहिले रान. औषध कामातून घडते हे मान्य केले की त्या कामाच्या अगदी पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या झाडाची किंमत सगळ्यांत कमी का लागते, हेही समजते. किलोभर टॅक्सॉलसाठी सुमारे दहा हजार किलो साल लागे, आणि साल काढली की यू मरे. अमेरिकेत त्यावर रान उठले. युरोपातल्या यूच्या पानांतून मिळणाऱ्या जवळच्या रेणूपासून टॅक्सॉल तयार करण्याची रीत निघाली, तेव्हा तो ताण सैल झाला. पाने पुन्हा येतात. हिमालयातला यू आणि पोडोफायलम यांच्यावरही ओरबाडण्याची वेळ आली, आणि दोघांचा आंतरराष्ट्रीय व्यापार नव्वदीत नियंत्रणाखाली आणावा लागला. नरक्याचे तसेच झाले, फक्त ओरड कमी झाली. शी-शूपेक्षा त्याच्यात कॅम्प्टोथेसिन जास्त, म्हणून मागणी परदेशातून आली. मूळ आणि खोड दोन्हींत द्रव्य, म्हणून झाड मुळासकट गेले. घाटातल्या माणसाला लाकडाच्या वजनावर मजुरी मिळाली, चिपा आणि भुकटी बाहेर गेली. वनखात्याने नरक्याचे चोरटे साठे पकडल्याच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गकडच्या वाचकांना नव्या नाहीत. जम्मूच्या एका प्रयोगशाळेने २००५ साली नरक्यात राहणाऱ्या एका बुरशीतून कॅम्प्टोथेसिन मिळवून दाखवले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्याच्या संश्लेषणावर काम झाले. पण कुऱ्हाडीइतके स्वस्त यांपैकी काहीच ठरले नाही.

इरिनोटेकन आणि टोपोटेकन यांची पेटंटे संपली आहेत आणि भारतीय कंपन्या ती बनवतात, त्यामुळे या झाडाचा फायदा निदान आता इथल्या रुग्णापर्यंत पोहोचतो. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावाला आपल्या रानातल्या संपत्तीवर वाटा मागण्याचा हक्क दिला आहे, आणि त्यासाठी गावोगावी समित्याही आहेत. घाटमाथ्यावरच्या समित्यांनी आपल्या नोंदवहीत नरक्याची मोजणी करावी, मालकी जमिनीवर त्याच्या लागवडीला वनखात्याने वाहतूक परवान्यासह मोकळीक द्यावी, आणि रानातले लाकूड विकत घेणाऱ्याला ते कुठून आले याचा पुरावा मागावा. गोरेगावच्या शोधलेखाला पन्नास वर्षे उलटून गेली, एवढे काम तोवर व्हायला हरकत नव्हती.